भालचंद्ररावांनी न वाचलेले परंतुक

भोकरदनच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर कडुनिंबाची सावली सकाळी दहा ते दुपारी दोन एवढाच काळ भूमीवर अवतीर्ण होते, आणि त्या सावलीत गेली एकेचाळीस वर्षे एक टेबल मांडलेले असते. टेबलामागे दस्तलेखक भालचंद्रराव आसोलेकर विराजमान असतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र असे मनुष्यजातीच्या सर्व वासनांचे कागद ते स्वहस्ते लिहितात. मग समोरच्या दुकानातले यंत्र ते नुसते छापून देते. त्यांच्या हातचा एकही दस्त निबंधकांनी आजवर परत केलेला नाही. ही गोष्ट भोकरदनात सर्वांना ठाऊक आहे, कारण ती सर्वांना भालचंद्ररावांनीच सांगितली आहे.

ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांना संशय होता असे नव्हे. परंतु ईश्वराच्या आज्ञा राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नसल्यामुळे त्यांच्या अंमलबजावणीच्या तारखेविषयी त्यांना निश्चित काही सांगता येत नसे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची तशी स्थिती नव्हती. लाल कापडात बांधलेले त्याचे खंड घरी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात असत, आणि भालचंद्रराव स्नानावाचून त्यांना हात लावत नसत. वडील पुराण सांगणारे. त्यांच्याकडून मीमांसेचे चार नियम आणि एक पूर्वग्रह असा वारसा चिरंजिवांना लाभला होता. पूर्वग्रह असा की, दूरच्या दरबाराचे फर्मान मनावर घेऊ नये. वडिलांनी हैद्राबादचे राज्य पाहिले होते. फर्मान भोकरदनला पोचेपर्यंत निदान सुभेदार तरी बदललेला असतो, असे ते म्हणत. निजाम गेला, सुभेदारही गेले. पण अविश्वासाची ती गादी रिकामी राहू नये म्हणून भालचंद्ररावांनी तिच्यावर दिल्लीला बसवले.

मुंबईचा कायदा तो आपला कायदा. दिल्लीचा कायदा ती वार्ता. या सिद्धान्तावर त्यांनी एकेचाळीस वर्षे निष्कंटक व्यवसाय केला. निष्कंटक म्हणजे, काटा रुतला होता. ठणका लागायला बावीस वर्षे लागली.

ते प्रकरण हसनाबादच्या बारा एकरांचे.

हसनाबादला सोमेश्वर नावाचे एक सधन, मितभाषी शेतकरी होते. एकच मुलगा, बद्रीनाथ, त्याच्या पाठच्या दोन मुली, उषा आणि कांता. पत्नी लवकर निवर्तली. जमीन वडिलोपार्जित, काळी, विहिरीची. उषाबाईंचे लग्न चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात झाले. तीन वर्षांनी कांताबाईंचे. मुलींच्या लग्नाच्या तिथी भटजी काढतात आणि कायद्याच्या तिथी मंत्री. या दोघांनी एकमेकांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यामुळे असे झाले की, वैशाखात उषाबाई सासरी गेल्या, आणि त्याच वर्षी ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या सुमारास, स्त्रिया वडाला सूत गुंडाळत असताना, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारा कायदा अमलात आणला. मोठे पुरोगामी पाऊल. मात्र पावलाला एक पायबंद होता: ज्या मुलीचे लग्न त्या तारखेपूर्वी झाले असेल तिला हा लाभ नाही. म्हणजे कांता ही सोमेश्वररावांची जन्मतः वारस कन्या ठरली, आणि त्याच घरात, त्याच आईच्या पोटी आलेली उषा, लग्न महिना-सव्वा महिना आधी उरकल्याने, जन्मली खरी, पण हक्काविना.

एवढ्या सूक्ष्म विवेकाने कायदा लिहिणाऱ्यांविषयी भालचंद्ररावांना अपार आदर वाटला. त्यांनी तो खंड नव्या कापडात बांधून घेतला.

दोन हजार दोनच्या माघात बद्रीनाथ दोन्ही बहिणींना घेऊन टेबलासमोर उभा राहिला. बहिणींनी भावाला हक्क सोडून द्यायचा आणि भावाने त्यांना साडी-चोळी करून जेवू घालायचे, हा आमच्या भागातला जुना शिष्टाचार. त्यात कोणी कोणाला लुबाडले असे कोणी म्हणत नाही. बहीण माहेर राखते आणि भाऊ शेत राखतो, असे म्हणतात. बद्रीनाथाच्या पिशवीत जालन्याहून आणलेल्या दोन साड्या होत्या, एक मोरपंखी आणि एक डाळिंबी.

"काका, दोघींच्याबी सह्या घ्या," तो म्हणाला. "जल्दी उरका, दोनची गाडी हाय."

भालचंद्ररावांनी लेखणीचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. "उषाबाई, तुमचं लग्न कधीचं?"

"चौऱ्याण्णवच्या वैशाखात. तुम्ही आल्ते की जेवायला. तीनदा बुंदी घेतली."

बुंदीचा उल्लेख त्यांनी अप्रस्तुत म्हणून वगळला. "वैशाखात! आणि कायदा ज्येष्ठात. मग तुम्हाला हक्क नाही."

"न्हाई तर न्हाई. सोडायलाच आले ना मी. सोडू द्या की."

"नसलेली वस्तू सोडता येत नाही, बाई. ससा शिंगं सोडतो का?" आणि बद्रीनाथाकडे वळून, आवाज गुरूपदेशाच्या पट्टीत खाली आणून ते म्हणाले, "नीट ऐक. यांची सही घेतलीस, तर यांना हक्क होता अशी तूच कबुली दिल्यासारखं होईल. उद्या तुझ्याच अंगलट येईल. कांताबाईंचं तेवढं करू. पक्कं, नोंदणीकृत."

"बिलकुल नको मंग," बद्रीनाथ घाईने म्हणाला. कबुली हा शब्द त्याने पोलीस ठाण्याच्या संदर्भातच ऐकलेला होता.

कांताबाईंचा दस्त झाला. काय दस्त झाला! पाच पाने, चतुःसीमा, गटनंबर, साक्षीदार, एक खाडाखोड नाही. शेवटी मोरपंखी साडी कांताबाईंच्या ओटीत पडली. डाळिंबी साडीकडे बद्रीनाथाने क्षणभर पाहिले, भालचंद्ररावांनी सांगितलेल्या कायद्याचा विचार केला आणि ती पुन्हा पिशवीत सरकवली. हक्कच नाही तर साडी कशाची? राज्याच्या विधिमंडळाला जे सुचले नव्हते ते उपकलम त्याने जागच्या जागी जोडले.

उषाबाई हसल्या. "दादा, साडी र्‍हाऊ दे. चहा तरी पाज, का त्यालाबी सातबारा लागतो?"

चहा पाजला गेला. भालचंद्ररावांनी आपल्या नोंदवहीत त्या तारखेला सुवाच्य अक्षरात लिहिले: "उषाबाई समक्ष हजर. हक्क नसल्याने दस्ताचे प्रयोजन नाही. सही घेतली नाही, कसलाही त्याग करून घेतला नाही." आणि शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली. पुढे आठ वर्षांनी सोमेश्वररावांचे मृत्युपत्रही त्यांनीच लिहिले: माझ्या वाट्याला जे काही येईल ते बद्रीनाथास. असे करून त्यांनी बारा एकरांच्या सर्व खिडक्या, दारे, झरोके शास्त्रोक्त बंद केले. फक्त एक भिंत बांधायची राहिली होती, आणि तिथे भिंत आहे अशी त्यांची समजूत होती.

कारण मध्यंतरी, दोन हजार पाच साली, दिल्लीने त्याच विषयावर कायदा केला होता. मुलगी ती मुलगी. तिचे लग्न कधी झाले हे विचारायचे नाही. मुलाइतकाच तिचा जन्मतः हक्क. त्यापूर्वी, दोन हजार चारच्या डिसेंबरातल्या ठरलेल्या तारखेआधी, जे रीतसर सोडून-विकून झाले असेल, ते मात्र झाले. ही वार्ता पत्नी रजनीबाईंनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवली होती.

"अहो, दिल्लीचा कायदा आलाय. लग्नाची तारीख बघायची नाही म्हणे आता."

"तो दुसऱ्या राज्यांसाठी," भालचंद्रराव म्हणाले. "आपल्याकडे आपला आहे. राष्ट्रपतींची संमती घेतलेला."

"राष्ट्रपती दिल्लीतच राहतात ना?"

"राहतात."

"मग त्या कायद्यावरही त्यांनीच सही केली असेल की."

"चहा," भालचंद्रराव म्हणाले.

विद्वानाला निरुत्तर करणारा प्रश्न घरातल्या माणसाने विचारला, तर तो प्रश्नच धरायचा नाही, ही आपल्याकडची फार प्राचीन मर्यादा आहे. ती त्यांनी पाळली. चहा आला, आणि भारतीय संसदेचा अधिनियम कपाबरोबर विसळला गेला.

तेवीस सालच्या भाद्रपदात सोमेश्वरराव अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी शांतपणे गेले. बद्रीनाथाने एकट्याच्या नावे फेरफारासाठी अर्ज दिला. अर्ज अर्थात भालचंद्ररावांनी लिहिलेला: एका बहिणीचे हक्कसोडपत्र सोबत, वडिलांचे मृत्युपत्र सोबत, आणि "दुसऱ्या भगिनीचा विवाह सन १९९४ च्या अधिनियमापूर्वीचा असल्याने तिचा संबंध येत नाही." चावडीवर नोटीस लागली. पंधरा दिवसांच्या आत उषाबाईंची हरकत दाखल झाली: वडील, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी असे चार, म्हणून जन्मतः चौथा हिस्सा माझा, तीन एकर, माझे नाव लावा. आणि हरकतीखाली त्यांच्या वकिलाची सही होती, श्रद्धा आसोलेकर.

श्रद्धा ही भालचंद्ररावांची सख्खी नात. जालन्याच्या न्यायालयात तिची वकिली नुकतीच मूळ धरू लागली होती. रविवारी ती जालन्याहून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आजोबा, तुमच्याविरुद्ध वकीलपत्र घेतलंय. रागावू नका, पोहे खाऊन मग रागवा."

"माझ्याविरुद्ध नाही, बद्रीनाथाविरुद्ध," भालचंद्ररावांनी दुरुस्ती केली. "आणि हरणार आहेस. अनुच्छेद दोनशे चोपन्न."

"म्हणा ना."

राज्यघटना त्यांना मुखोद्गत होती. निदान जिथवर त्यांनी ती वाचली होती तिथवर. ते डोळे मिटून म्हणू लागले. त्याचा भावार्थ, रजनीबाईंना श्रद्धेने पोहे परतता परतता जो समजावून सांगितला, तो असा.

काही विषय एकट्या दिल्लीचे, काही एकट्या राज्याचे. वारसा हा विषय मात्र दोघांचा. एकाच चुलीवर दोन जावा. दोघींनी एकाच दिवशी एकच भाजी निरनिराळी केली, तर ताटात थोरलीची वाढायची. धाकटीच्या भाजीतला जेवढा भाग थोरलीच्या विरुद्ध जाईल तेवढा ओतून द्यायचा. मात्र धाकटीने आपली भाजी आधी घरातल्या कर्त्याला, म्हणजे राष्ट्रपतींना, चाखवून मान डोलावून घेतली असेल, तर तिच्या माजघरात तिचीच भाजी चालेल, थोरलीची नाही.

"इति," भालचंद्रराव डोळे उघडून म्हणाले. "आपल्या कायद्याला कर्त्याने मान डोलावलेली आहे. संपलं."

"पुढचं म्हणा."

"पुढे काही नाही."

"आजोबा, पान उलटा."

त्यांनी घटनेची आपली प्रत आणली. पान उजव्या अंगाला खाली संपत होते आणि पूर्णविरामही तिथेच होता. पूर्णविराम दिसला की थांबावे हे त्यांना लहानपणी शिकवलेले होते, आणि शिकवलेले त्यांनी कधी टाकले नव्हते. नव्वद-पंच्याण्णवात केव्हातरी ते त्या पूर्णविरामाशी थांबले, ते थांबलेच. पान उलटताच डाव्या पानाच्या मस्तकावर, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा ऐटीत, एक परिच्छेद बसलेला होता आणि त्याचा पहिला शब्द "परंतु" होता. जो दस्तलेखक येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेचाळीस वर्षे बजावत आला की परंतुक वाचल्याशिवाय सही करू नये, त्याच्याच घरात हे परंतुक इतकी वर्षे अस्पर्शित राहिले होते.

त्यात म्हटले होते की, कर्त्याने मान डोलावली असली तरी त्यानंतर थोरलीला त्याच भाजीला पुन्हा फोडणी देण्याचा, तीत भर घालण्याचा, ती बदलण्याचा किंवा पातेले चुलीवरून उतरवण्याचा अधिकार आहेच.

भालचंद्ररावांनी तो परिच्छेद मनात वाचला. मग ओठ हलवून वाचला.

"तुम्हीच मला शिकवलंत," श्रद्धा हळू म्हणाली. "श्रुती आणि स्मृती भांडल्या तर कोणाचं ऐकायचं?"

"श्रुतीचं."

"मग?"

"ते वेदांचं. हे महसूल खात्याचं."

पण पोहे त्यांनी अर्धेच खाल्ले.

"मग माझं लग्न शहात्तरचं," रजनीबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "ते कुठल्या भाजीत बसतं?" त्यावर आजोबा आणि नात या दोघांनीही एकदम चहा मागितला.

सुनावणीच्या दोन दिवस आधी बद्रीनाथ राजूरच्या गणपतीचे पेढे घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता. ज्या जमिनीत पहाटेपासून आपणच वाकतो ती पूर्ण आपली असावी एवढीच त्याची इच्छा, आणि ती इच्छा भारतवर्षात कोणीही गुन्हा मानत नाही, विशेषतः पुरुष मानत नाहीत.

"काका, मला एक समजून सांगा. मुंबईचं सरकार आपलं, दिल्लीचंबी आपलं. मंग ह्यांच्या भांडणात माझा बांध कामून हालून राह्यला?"

"भांडण नाही, बद्रीनाथ. समवर्ती सूची."

"सूची म्हना का काय म्हना. तीन एकर जाऊन राह्यले माझे." त्याने पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. "आमच्या वकिलानं एक वाट काढलीय. तुम्ही फकस्त एवढं म्हना, का दोन सालात उषानं तुमच्या टेबलासमोर तोंडी हक्क सोडला. ती म्हनलीच होती ना, 'सोडू द्या की'? खोटं तर न्हाई काही!"

ते खोटे नव्हते. भालचंद्ररावांच्या कानात ते वाक्य बावीस वर्षांनंतरही स्पष्ट होते, बुंदीसकट. आणि त्यातली सोय त्यांना तत्काळ दिसली. उषाबाईंनी तेव्हाच हक्क सोडला होता असे ठरले, तर कोणता कायदा वरचा हा प्रश्न निदान त्या कचेरीत कोणी विचारणार नाही. कोणी विचारले नाही, तर परंतुकाचे पान कोणी उलटणार नाही. एका वाक्यात बद्रीनाथाचे तीन एकर वाचतील, भालचंद्ररावांची एकेचाळीस वर्षे वाचतील, आणि बुडेल ती फक्त उषाबाई, जिला बुडण्याची सवय आहे असे सर्वजण गृहीत धरून चालले होते.

"बघतो," भालचंद्रराव म्हणाले. मोठी माणसे पाप करण्यापूर्वी हाच शब्द उच्चारतात.

दोन दिवस त्यांनी सत्याचा विचार केला, असे लिहायला या लेखणीला आनंद वाटला असता. पण त्यांनी विचार केला तो नोंदवहीचा. ती त्यांनी फडताळातून काढली, तांबडी रेघ पाहिली, पुन्हा ठेवली. ती दाखवा असे कोणी म्हटलेले नव्हते. न मागितलेला कागद हजर करणे हे व्यवसायाच्या रीतीत बसत नाही. तरी सुनावणीला निघताना ती पिशवीत होती. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

नायब तहसीलदार अर्पिता मॅडम वयाने श्रद्धेहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या. डोक्यावर पंखा, समोर दोन गठ्ठे. एका बाकावर बद्रीनाथ आणि त्याचा जाफराबादचा वकील. दुसऱ्या बाकावर उषाबाई, श्रद्धा, आणि कांताबाई. कांताबाईंना बोलावलेले नव्हते, पण आपला कागद कचेरीत निघणार म्हटल्यावर त्या तो बघायला आल्या होत्या. मधल्या खुर्चीवर भालचंद्रराव.

श्रद्धेने दिल्लीचा कायदा वाचला, परंतुक वाचले, आणि थोडक्यात आटोपून ती बसली. मग बद्रीनाथाचा वकील उठला.

"मॅडम, कायदे कोणते वरचे कोणते खालचे ह्या खोलात आम्ही जातच नाही. हरकतदार बाईंनी सन २००२ मध्ये, दस्तलेखक आसोलेकर यांच्या समक्ष, तोंडी हक्क सोडलेला आहे. दस्त तेव्हाच व्हायला हवा होता. केवळ दस्तलेखकाच्या हलगर्जीपणामुळे तो लिहायचा राहून गेला. आसोलेकर समक्ष आहेत, ते सांगतील."

हलगर्जीपणा!

त्या शब्दाबरोबर मधल्या खुर्चीत काहीतरी ताठ झाले. खोटी साक्ष द्यायला जो माणूस जवळजवळ तयार होता, त्याला अव्यवस्थित म्हटले गेले होते. सत्यासाठी भालचंद्रराव खुर्चीतून उठले असते की नाही हे चित्रगुप्ताने ठरवावे. व्यवसायाच्या अब्रूसाठी ते असे उठले की खुर्ची मागे पडली.

"माझ्या टेबलावर तोंडी हक्कसोड?" ते गरजले. "मॅडम, माझ्या टेबलावर एकेचाळीस वर्षांत तोंडी काहीही झालेलं नाही! नमस्कारसुद्धा मी नोंदून ठेवतो!" आणि त्यांनी नोंदवही टेबलावर आपटली. "वाचा. माघ, दोन हजार दोन."

मॅडमनी वाचले. "सही घेतली नाही, कसलाही त्याग करून घेतला नाही." त्यांनी मान वर केली. "हे तुमचं अक्षर?"

"अर्थात."

"राहून गेलं नाही? मुद्दाम घेतली नाही?"

"मुद्दाम. विचारपूर्वक. सशास्त्र."

बद्रीनाथाने कपाळावर हात मारला. "काका, काय करून राह्यले तुम्ही!"

पण काकांना आता कोणी थांबवू शकत नव्हते. "का घेतली नाही?" मॅडमनी विचारले.

"कारण त्यांना हक्क नव्हता. महाराष्ट्राचा चौऱ्याण्णवचा कायदा."

"आणि आज?"

श्रद्धा आपल्या नखांकडे पाहत होती. आजोबांकडे पाहण्याचा तिला धीर झाला नाही. भालचंद्ररावांनी पडलेली खुर्ची आधी सरळ केली.

"आज आहे," ते म्हणाले. "नंतर संसदेने त्याच विषयावर कायदा केला. राज्याचा कायदा त्याच्याशी जेवढा विसंगत, तेवढा उरत नाही. राष्ट्रपतींची संमती असली तरी. तसं परंतुक आहे."

"म्हणजे तुमचा सल्ला चुकीचा होता, असं लिहू?"

"नाही, मॅडम." भालचंद्रराव शब्द तोलून सांगू लागले, जणू मजकूरच घालत होते. "दोन हजार दोन साली तो बरोबर होता. दोन हजार पाच साली चुकीचा झाला. मला दोन हजार चोवीस साली कळलं. असं लिहा."

मॅडमनी तसेच लिहिले. तोंडी हक्कसोडीचा दावा फेटाळला. उषाबाईंचे नाव बद्रीनाथाच्या नावाबरोबर लावण्याचा आदेश झाला. जागेवर वाटणी हवी असेल किंवा कोणाला हे मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयाचे दार उघडे आहे, हे शेवटचे, सर्व आदेशांत असते ते वाक्यही झाले.

बाहेर बद्रीनाथ मोटारसायकलला किल्ली लावून नुसताच बसला होता. उषाबाई त्याच्याजवळ गेल्या.

"पेरायचं ते पेर, दादा. मी काय औत घेऊन येत न्हाई. पन सातबाऱ्यावर माझं नाव र्‍हाईल. आन् पाडव्याला माहेरी आले का बांधावरून चालत जाईन, कोणाला न विचारता."

"चालत जा," बद्रीनाथ किल्ली फिरवत म्हणाला. "विहिरीकडून जाऊ नको, तिथं बांध फुटलाय." आणि तो गेला.

निंबाची सावली संपून गेली होती. तरी भालचंद्रराव टेबलाशी जाऊन बसले. उषाबाई तिथे आल्या, मागून कांताबाई. उषाबाईंनी उभ्या उभ्याच विचारले,

"काका, त्या दिशी माझी सही घेतली असती, तर आज काय झालं असतं?"

"काही नाही. नव्या कायद्याच्या आधीचा नोंदणीकृत त्याग. आज कोणी विचारलं नसतं. तुमचे तीन एकर गेले असते."

"मंग तुमचे उपकारच म्हनायचे." त्यांनी वाकून नमस्कार केला. तो कृतज्ञतेचा होता की डाळिंबी साडीचा, हे भालचंद्ररावांना ओळखता आले नाही. आशीर्वाद दोन्हींना एकच असल्यामुळे तो त्यांनी दिला.

कांताबाई मात्र वाकल्या नाहीत. कचेरीतून त्यांनी आपल्या दस्ताची छायाप्रत मागून घेतली होती, आणि ती पाच पाने त्या उन्हात धरून सावकाश उलटत होत्या.

"काका, ज्या कायद्यानं ताईला काहीच दिलं न्हाई, त्यानं मला हक्क दिल्ता. खरंय ना?"

"खरं आहे."

"आन् तो सोडायचा कागद तुम्ही इतका बराबर लिवला का तो अजून टिकून हाय."

"टिकणारच."

"ताईच्या येळंला चुकले, तिला शेत भेटलं. माझ्या येळंला थोडं चुकता आलं न्हाई का तुम्हाला?"

भालचंद्ररावांनी हात पुढे करून प्रत घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चतुःसीमा पाहिल्या, गटनंबर पाहिला, साक्षीदार पाहिले, शिक्का पाहिला. या वेळी पाने उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. आयुष्यात प्रथमच ते आपल्या दस्तात दोष शोधत होते, आणि त्यांना तो सापडला असता तर बरे वाटले असते.

"दस्त निर्दोष आहे, कांताबाई," अखेर ते म्हणाले.

"तेच तर म्हनते मी," कांताबाई म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून बहिणीच्या मागे गाडीकडे निघाल्या.